जीपच्या मागच्या डिफरन्शियलचं ऑइल सील दोनदा बदललं तरी गळतंय, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोर बाय फोर जीप, वाळवा तालुक्यात उसाच्या रानात आणि ओढ्यातून रोजची ये-जा. मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा फिरता दांडा) डिफरन्शियलला (मागच्या एक्सलवरच्या गिअरच्या डब्याला) जोडतो तिथून तेल गळतं. सील दोनदा बदललं, दोन्ही वेळा काही महिन्यांत परत तेच. आता घरीच काम करायचं आहे.

दोनदा नवं सील जातं तेव्हा दोष बहुतेक सीलचा नसतो. ते ज्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) घासतं तो, ज्या बेअरिंगपुढे बसतं ते, किंवा हाउसिंगमध्ये (डिफरन्शियलच्या कवचात) कोंडणारी हवा, या तिघांपैकी कुणीतरी ते मारत असतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी तपासणी करा.

आधी डिफरन्शियलचं तोंड डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुऊन कोरडं करा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून खाली वाकून बघा. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, त्यामुळे ते इंजिन ऑइलपासून लगेच वेगळं ओळखू येतं. फ्लँजच्या मागे, हाउसिंगच्या कडेला ओल असेल तर सील गळतंय. फ्लँजच्या मधल्या नटाभोवती ओल असेल तर तेल स्प्लाइनमधून (फ्लँज ज्या खाचांवर बसतो त्यांतून) येतंय, आणि तिथे सील कितीदा बदललं तरी फरक पडणार नाही. हा फरक न बघता काम उरकलं जातं, हे फार ठिकाणी होतं.

मग ब्रीदर, म्हणजे आतल्या हवेची वाट, बघा. हाउसिंगवर किंवा एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. काळ्या रानातला चिखल त्यात बसून सुकला की तो दगडासारखा होतो. गाडी चालून तेल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती तेलाला सीलच्या लिपखालून (फ्लँजवर घासणाऱ्या रबरी कडेखालून) ढकलते. उलटंही होतं. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि त्याच लिपमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये भिजवा, तोंडाने फुंकून वारा पार जातो का बघा. तुमच्या वापराला मी तर नळी लांबवूनच घ्या म्हणेन: तेलाला टिकणारी नळी चॅसिसच्या वर बॉडीपर्यंत न्या, टोक खाली वळवा आणि एक्सल वर-खाली होतो तेवढी ढील ठेवा.

तिसरं, बेअरिंग. चाकांना उटी लावून आणि शाफ्ट-फ्लँजवर रंगाची खूण करून प्रोपेलर शाफ्ट सोडवा, मग फ्लँज दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली, आत-बाहेर हलवून बघा. गोल फिरवताना थोडा मोकळेपणा असतोच, तो दातांमधला. पण आत-बाहेर किंवा वर-खाली जरा जरी खुळखुळ लागली तर थांबा. पिनियनचं (फ्लँज ज्याच्या टोकावर बसतो त्या आतल्या गिअरचं) बेअरिंग गेलंय, ते डिफरन्शियल उघडून डायल गेजवर सेट करणाऱ्याचं काम आहे. हलणाऱ्या पिनियनवर कुठलंच सील टिकत नाही.

तपासणी झाली आणि बेअरिंग घट्ट असेल तर कामाला लागा. सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी, मागची दोन्ही चाकं वर आणि एक्सलखाली पक्के स्टँड. मागचा शाफ्ट सुटला की गिअर टाकून मागची चाकं अडत नाहीत, आणि जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर) असतो, तोही मागच्या चाकांना धरत नाही. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.

तेल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतोय याची खात्री करा. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढलं असेल तर गाडी जागेवर अडकते. गाडीचा मागचा भाग उचलला की डिफरन्शियलचं तोंड खाली झुकतं, म्हणून तेल पूर्ण काढलेलं बरं. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. चुंबकाच्या बोल्टवर करड्या रंगाची बारीक पेस्ट चालते, धातूच्या कपच्या मात्र चालत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईत हीच सुटते. शाफ्ट आणि फ्लँजवर रंगाची खूण करून शाफ्ट सोडवा, तारेने वर बांधा, लोंबता ठेवू नका. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (चार हातांचा सांधा) यू-बोल्टने धरलेला असेल तर त्याच्या कपांना टेप गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया सांडतात. मागची चाकं आणि ड्रम काढा, म्हणजे ब्रेकचा अडथळा येणार नाही. फ्लँजवर दोरी गुंडाळून हुकाच्या स्प्रिंग काट्याने सावकाश, एकसारखी ओढा. सुरुवातीचा झटका सोडून द्या, फिरत असतानाचा आकडा घ्या. समजा फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि काट्यावर २ किलो, तर १० किलो-सेंटिमीटर जोर. तो लिहून ठेवा, नट परत आवळताना लागतो. मग नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज या तिन्हींवर एका रेषेत डॉट पंच मारा आणि नटाबाहेर दिसणारे आटे मोजा. नट सोडवताना फ्लँज धरायला लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून ती फ्लँजच्या बोल्टवर बसवा. फ्लँज दोन पायांच्या पुलरनेच ओढा. मागून हातोडी मारली तर फ्लँज वाकतो, डुगडुगत फिरतो आणि नवं सील पुन्हा खातो.

फ्लँजचा चकचकीत भाग पुसून त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, आणि बहुधा तुमचं दुखणं इथेच आहे. उसाचं पाचट, ठिबकची तुटकी नळी, सुतळी शाफ्टभोवती गुंडाळली जाते, बाहेरची धूळ अडवणारी लिप कापली जाते, मग माती आत जाऊन फ्लँज खरवडते. खाच असेल तर नवा फ्लँज घ्या, किंवा दुरुस्तीची पातळ स्टीलची स्लीव्ह बसवा. तिची जाडी ०.२८ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. नुसता डाग असेल तर ४०० आणि मग ६०० नंबरचा ओला पॉलिश पेपर फ्लँजभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या रेघांमधून तेल बाहेर येतं.

जुनं सील हुकाने किंवा कड आत वाकवून काढा. हाउसिंगच्या भोकाला ओरखडा पडू देऊ नका आणि बेअरिंगमध्ये कण पडू देऊ नका. दुकानात जुनं सील घेऊन जा. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी असे तीन आकडे असतात, ते जुळायला हवेत. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. दोन लिपांच्या मधे ग्रीस भरा, आतल्या लिपला गिअर ऑइल लावा. स्प्रिंगच्या खोबणीतही थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. सीलची बाहेरची कड उघडी धातूची असेल तर सीलंटचा पातळ थर लावा, रबराची असेल तर नुसतं तेल पुरे. बाहेरच्या व्यासाच्या पाइपच्या तुकड्याने किंवा जुन्या बेअरिंगच्या रिंगने चहूबाजूंनी हलके ठोका. बसलं की आवाज बदलतो. खोली सगळीकडे सारखी आहे का ते व्हर्निअरने बघा. भोकात जागा असेल तर जुन्यापेक्षा एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवलं तर लिप ताज्या जागेवर फिरते.

फ्लँज बसवताना स्प्लाइनच्या बाहेरच्या टोकाला सीलंटचा पातळ थर द्या. जुन्या नटाने ओढून बसवा आणि मग नवा नट लावा. ठोकून बसवलं तर बेअरिंगच्या रिंगवर रोलरचे ठसे उमटतात.

नट आवळणं कसं, ते आतल्या रचनेवर. चिपा (बेअरिंगची घट्टी ठरवणाऱ्या पातळ चकत्या) असलेल्या डिफरन्शियलमध्ये पुस्तकातल्या टॉर्कला आवळायचा, बस. त्याऐवजी चेपणारी स्लीव्ह (नट आवळला की दबणारी आतली नळी, फ्लँजवरची दुरुस्तीची स्लीव्ह नव्हे) असेल तर आधी मोजले तेवढे आटे नटाबाहेर दिसेपर्यंत या, मग अगदी थोडं-थोडं पुढे आवळत दर वेळी दोरीने जोर मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आला की थांबा, कारण नवं सील स्वतःच थोडा जोर खातं. जास्त आवळला गेला तर नट ढिला करून भागत नाही, चेपलेली स्लीव्ह परत फुलत नाही. ती नवीच घालावी लागते. इम्पॅक्ट गन इथे वापरू नका.

तेल जीएल-५ प्रतीचं, बहुतेक गाड्यांना ८०डब्ल्यू-९०. दोन लिटर आणून ठेवा आणि सपाट जागेवर, भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा. जास्त भरलं तरी तेल बाहेर येतं. वीस किलोमीटर चालवून डिफरन्शियलच्या तोंडाला हात लावा: कोमट-गरम ठीक, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय, तशीच गाडी चालवू नका. पहिल्या दिवशी कडेला ग्रीसची बारीक ओल दिसली तर घाबरू नका, ते भरलेलं ग्रीस असतं.

कृष्णा-वारणेच्या पुरात गाडी एक्सलच्या वर पाण्यात उभी राहिली असेल तर चालवण्याआधी तेल बदला, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांनाच पडला होता. सील लगेच बदलता येत नसेल तर पातळी आठवड्याला बघून तेल घालत राहा. थेंबथेंब गळणं चालतं, पण कोरडं पडलं तर क्राउन-पिनियनचा (आतल्या मुख्य गिअरच्या जोडीचा) खर्च अंगावर येतो.

सीलवरचे तीन आकडे आणि फ्लँजवरच्या खाचेचा जवळून काढलेला फोटो टाका, म्हणजे स्लीव्ह चालेल की फ्लँजच बदलावा ते सांगता येईल.