सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटात दुखतं. आता एमआरआय करावा का?

एमआरआयचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय, 'घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत', ते वाचून माझं डोकं सटकलं, म्हणून लिहितेय.

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाण्याच्या दिवशी घागरी वरच्या मजल्यावर चढवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बेंबीच्या उजवीकडे चार बोटांवर सुई टोचल्यागत कळ. आधी ओवा-काळं मीठ झालं. मग सोनोग्राफी. पाणी पिऊन, लघवी दाबून बाकड्यावर दीड तास, बाहेर ४३ अंश. नॉर्मल. एंडोस्कोपीला घशात तो कडू फवारा. नॉर्मल. सीटीला शिरेतून औषध सोडलं तेव्हा अंगभर अशी ऊब पसरली की वाटलं कपड्यातच झाली! आधी कुणी सांगत नाही हे. तेही नॉर्मल.

रात्री जेवताना भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आता मशीनपण म्हणतंय, काही नाही." आणि कडक भाकरी कटकन मोडली. आमचे हे ताटात बघत बसले.

शेवटी एका वयस्कर सर्जननी फाईल बाजूला ठेवली. "एका बोटानं दाखवा." दाखवलं. तिथं बोट दाबून धरलं आणि मान उचलायला सांगितली. मी किंचाळलेच. पोटाचे स्नायू ताणल्यावर कळ वाढली तर दुखणं बहुधा पोटाच्या भिंतीत असतं. कार्नेट नावाच्या सर्जननं ही खूण १९२६ सालीच सांगून ठेवलीय. माझी स्नायूतून वर येणारी बारीक नस दबली होती. तिथंच भुलीचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत कळ गायब. महिन्यानं परत आली, परत एक घेतलं.

असली नस एमआरआयमध्ये सहसा दिसत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी डॉक्टरांना पोटाला हात लावायला लावा.

हां, तुमचंही हेच असेल असं नाही. ताप, काळी शी, कावीळ, वजन उतरणं यातलं काही असेल तर माझं राहू द्या, लगेच जा. जाताना रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आणि सोबत मैत्रिणीला न्या, भावजींना नको.