ओल आली कुठून?

पावसाळी जॅकेटबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न (धुळे): दुकानदाराने '१०,००० एमएम'चं म्हणून हलकं जॅकेट दिलं. तोरणमाळला दिवसभर पायी फिरलो, तर आत शर्ट चिंब. फसवलं का मला?

दादा, आधी घरी तपासून बघा. जॅकेटची पाठ रिकाम्या पातेल्यावर सैल अंथरा, मधल्या खळग्यात पेलाभर पाणी ओता आणि अर्ध्या तासाने खालून हात फिरवा. कोरडं लागलं तर कापड चांगलं आहे. मग जॅकेट उलटं करून शिवणी बघा. प्रत्येक शिवणीवर आतून टेप चिकटवलेली हवी, विशेषतः खांद्यावर आणि टोपीला. हे सगळं ठीक असेल, तर शर्ट बहुधा पावसाने नाही, घामाने भिजला.

१०,००० एमएम म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब ते कापड सोसतं. घामाची वाफ बाहेर जाते की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. वाफ बाहेर पडायला आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दमटपणात फरक लागतो. थंड मुलखात तो मिळतो. आपल्याकडे जुलैत बाहेरच दमट उकाडा, मग वाफ जाणार कुठे? म्हणून मी आकड्याआधी काखेखालची चेन बघायला सांगतो. चढावर ती उघडी ठेवा. निंदणीला बाया गोणीची खोळ डोक्यावरून घेतात, ती समोरून उघडी असते, वारा खेळतो. जॅकेटलाही अशी वाट हवीच.

प्रश्न (मुक्ताईनगर): यंदा मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जाणार आहे. पाठीवर पिशवी असेल. कोणतं जॅकेट घेऊ?

ताई, महिनाभराच्या चालीला जॅकेट नको, पोंचो घ्या, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट. पिशवीसकट अंग झाकतो आणि खालून मोकळा असतो. वाऱ्याने उडू नये म्हणून कमरेला नाडी बांधा. पिशवीतले कपडे मात्र प्लॅस्टिकच्या थैलीत वेगळे ठेवा.

प्रश्न (जळगाव): आधी पाणी थेंबाथेंबाने घरंगळायचं. आता कापडच भिजून गडद होतं. टाकून द्यावं का?

नाही, नाही! पाणी अडवणारा आतला थर बहुतेक शाबूत असतो, वरचा पाणी झटकणारा लेप मळाने आणि तेलकटपणाने दबलेला असतो. सौम्य लिक्विड साबणाने धुवा, दोन-तीनदा खळबळून साबण पूर्ण काढा. कपडे मऊ करणारं लिक्विड अजिबात वापरू नका. सुकल्यावर, लेबलवर इस्त्री चालते असं असेल तरच, वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळले नाहीत, तर लेपाचा स्प्रे मिळतो, तो मारा.

पण आतला थर चिकट होऊन पापुद्रे निघत असतील, तर ते दुरुस्त होत नाही. ओलसर जॅकेट गुंडाळून पत्र्याखालच्या तापल्या माळ्यावर टाकलं की हेच होतं. वाळवून हँगरला लावा.

प्रश्न (भुसावळ): सप्टेंबरमध्ये लेहला जायचंय. नेहमीच्याच मापाचं घेऊ का?

दुकानात जाताना जाड स्वेटर घालून जा. त्यावर जॅकेट चढवा, चेन लावा आणि दोन्ही हात वर करा. मनगट उघडं पडलं किंवा काखेत ओढलं गेलं, तर एक माप मोठं घ्या.