सांगायचं, आणि त्यानेच सांगायचं

तुझं पत्र वाचलं. शिक्षा भोगून आलेला माणूस, हातात कसब, तू त्याला नोकरी मिळवून देतोयस, आणि अर्ज भरताना तो म्हणतो, ‘तुरुंगाचं नको लिहूया.’ तुला त्याचं पटतं, म्हणून तू अडकलास.

सांगायचं. त्यानेच सांगायचं, नेमणूक पक्की होण्याआधी सांगायचं.

त्याची भीती खरी आहे. समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. २००३ मध्ये आलेले आकडे बघ: गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना बोलावणं आलं, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीयांमध्ये १४ आणि ५. म्हणून गुन्ह्याचा प्रश्न पहिल्या अर्जावर नसावाच, यासाठी मी भांडत आलो. अमेरिकेच्या हवाई राज्याने १९९८ मध्येच मालकांना सांगितलं, सशर्त नेमणूक देईपर्यंत विचारायचं नाही. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक काळानंतर बऱ्याच शिक्षा सांगाव्याच लागत नाहीत. असा हक्क असेल तर तो खुशाल बजावू दे. पण विचारल्यावर, उत्तर देणं बंधनकारक असताना ‘नाही’ लिहिणं म्हणजे हक्क नव्हे. यात गल्लत करू नकोस, बाबा!

सहकारी मला म्हणत, तुमच्या हट्टापायी दारं बंद होतात. होतात. माझ्या ओळखीचा एकजण लपवून कामाला लागला. उत्तम काम केलं, बढतीची वेळ आली, तेव्हा पडताळणी झाली आणि सगळं गेलं. काढताना कारण गुन्ह्याचं दिलं नाही, खोटेपणाचं दिलं. लपवून नोकरी मिळते रे, पण वर चढायची प्रत्येक पायरी धास्तीची होते. आपल्याला त्याला नुसतं कुठेतरी चिकटवायचंय का? त्या माणसाची हळहळ मला अजून सोडत नाही, म्हणून मी इतका ताठर आहे, आणि राहणार.

तू त्याच्या वतीने मालकाला फोन करू नकोस. दयेची शिफारस मुळीच नको. त्याला समोर बसव. काय घडलं ते दोन वाक्यांत, शिक्षा पूर्ण झाली ते एका वाक्यात, आणि मग बराच वेळ कामाबद्दल: काय येतं, काय शिकला, कुठवर जायचंय. रडगाणं नको, सारवासारव नको. जमेपर्यंत म्हणवून घे. कंटाळशील, तरी म्हणवून घे.

आणि तो ज्या कामाला निघालाय त्याला परवाना लागतो का, शिक्षा झालेल्याला तो मिळतो का, हे प्रशिक्षणाला बसवण्याआधी तपास. ते पत्रात कुठेच दिसलं नाही. उत्तर मिळालं की लगेच कळव.