हप्ते बाकी असताना मूळ कागद कोणाकडे?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. नाशिकचा फ्लॅट ओळखीच्या गृहस्थांना ४८ लाखांना देते आहे. १८ लाख आत्ता. उरलेले ३० लाख दर वर्षअखेरीस दहा, असे तीन वर्षांत, बिनव्याजी. त्यांना बँकेचं कर्ज मिळत नाही. खरेदीखत लगेच करून मूळ कागदही द्या, असं ते म्हणतात. द्यावेत का?

उत्तर: ताई, व्यवहार जरूर करा, पण कागद देऊ नका. खरेदीखतही आत्ता नको.

मूळ कागद बँकेत जमा करूनही गहाण होतं. फ्लॅट त्यांच्या नावावर आणि तुमचं जुनं करारपत्र, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट त्यांच्या हातात, म्हणजे कर्ज उचलायला तुमची सही लागत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ही पूर्ण रक्कम मिळाल्यावरच कागद सोपवायला सांगतं, त्यामुळे नकार देताना संकोच नको.

आत्ता साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, नोंदवा, खरेदीखत शेवटच्या हप्त्याला. त्यांची भीतीही खोटी नाही. उद्या तुम्हीच फ्लॅट दुसऱ्याला विकलात तर? पण नोंदवलेलं साठेखत शोध घेणाऱ्याला दिसतं. दुय्यम निबंधकांकडून सहीशिक्क्याच्या नकला त्यांना काढून द्या. मूळ कागद दोघांच्या सहीनेच उघडेल अशा बँक लॉकरमध्ये ठेवा. प्रत्येक कागदाचा दस्त क्रमांक आणि पानं लिहून यादी करा, खाली दोघांच्या सह्या. हप्ता थकला किंवा दोघांपैकी कोणी गेलं तर कागद कोणाकडे, हे साठेखतातच लिहा. मुलांना नंतर त्यावरूनच भांडावं लागतं.

तरीही खरेदीखत आत्ताच झालं, तर ‘संपूर्ण मोबदला पोहोचला’ हे ठरावीक वाक्य मसुद्यातून काढायला लावा. बाकी रक्कम आणि तारखा स्पष्ट लिहिल्या, तर तिचा फ्लॅटवर बोजा आहे हे पुढच्या खरेदीदारालाही कळतं.

ताबा आत्ता दिलात तर भांडवली नफ्याचा कर याच वर्षी, पूर्ण ४८ लाखांच्या हिशेबाने बसतो. हातात १८च आलेले असतील, तेव्हा ते गुंतवण्याआधी सीएकडून कराचा आकडा काढून घ्या.

आणि बिनव्याजी का? ७ टक्क्यांनी धरलं तर त्या ३० लाखांची आजची किंमत सव्वासव्वीस लाखांच्या आसपास येते. म्हणजे तुम्ही पावणेचार लाखांची सूट देताय, आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. हप्ते तेवढेच ठेवून त्यांच्याकडे आत्ता १८ऐवजी पावणेबावीस लाख मागा, नाहीतर साठेखतात हप्त्यांवर व्याज लिहून घ्या.