जिममधल्या ट्रेडमिलवर दिसणारे हृदयाचे ठोके कितपत खरे मानायचे?

तुम्ही लिहिलंय की पळताना दांडी धरली की ट्रेडमिल 172 दाखवतं, मनगटावरचं घड्याळ 138, आणि तुम्हाला मात्र शेजारच्याशी आरामात बोलता येतंय. मी या तिन्हींपैकी तुमच्या बोलण्यावर आधी विश्वास ठेवेन. पूर्ण वाक्यं न धापता बोलता येत असतील तर व्यायाम मध्यम जोराचाच चाललाय.

दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या ईसीजीच्याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक ठोक्याला हृदयात जी वीज तयार होते, ती दोन्ही तळहातांतून टिपायची. पण ही वीज जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असते. पळताना मूठ आवळली की हाताच्या स्नायूंची वीज त्यात मिसळते, वर तळहात पट्टीवर सतत सरकत असतो, आणि हात कोरडे असतील तर संपर्कच धड होत नाही. मग मशीन कधी एका ठोक्याचे दोन मोजतं, कधी मधले गाळतं. शिवाय दांडीला धरून पळलं की शरीराचा थोडा भार हातांवर जातो आणि मेहनतच कमी होते, म्हणजे जे मोजायचं तेच बदलतं. दांडीचा आकडा बघायचाच असेल तर सावकाश चालताना, हात किंचित ओले करून, सैल पकडीने 15-20 सेकंद धरा. पळताना नको.

घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची ये-जा बघतं. ते मनगटाच्या हाडापासून जरा वर, घट्ट बांधा. पावलं मिनिटाला 160 पडतायत आणि घड्याळही 160 वरच अडकलंय असं दिसलं, तर ते ठोक्यांऐवजी पावलं मोजत असण्याची शक्यता बरीच असते.

या सगळ्यात छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टाच उजवा. तोही वीजच टिपतो, पण हृदयाच्या अगदी जवळून, आणि हलत नाही.

पट्टा नसेल तर बोटं आहेतच. मशीन थांबवा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, 15 सेकंद मोजून चारने गुणा. एक ठोका चुकला तर उत्तरात चारचा फरक पडतो, तेवढा चालतो. मात्र थांबल्याथांबल्या मोजा, कारण ठोके भराभर उतरतात.

वयानुसार ठोके किती असावेत हे सांगणाऱ्या, मशीनवर चिकटवलेल्या तक्त्याचीही धास्ती घेऊ नका. 220 वजा वय हा कमाल ठोक्यांचा सरासरी अंदाज आहे, एखाद्याचा खरा कमाल आकडा त्याहून 10-15 ने सहज वेगळा निघतो. बीटा ब्लॉकरसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तो तक्ता लागूच पडत नाही, मर्यादा डॉक्टरांनाच विचारा. आणि छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली किंवा ठोके वेडेवाकडे पडतायत असं वाटलं, तर पडद्यावर 110 असो की 170, लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.