कर्दळीच्या पानांना भोकं पडलीत?
ताई, भोकं नीट बघा, एका सरळ ओळीत आहेत ना? पान गुंडाळलेल्या सुरळीसारखं असतानाच अळीनं आरपार कुरतडलंय, उलगडल्यावर ओळ दिसते. रोज सकाळी कोवळ्या सुरळ्या उघडून अळ्या चिरडा. किळस येते, पण फवारणीपेक्षा मला हेच बरं वाटतं.

फुलून गेलेला दांडा बुंध्यापाशी कापा. नाशिकच्या थंडीत पानांच्या कडा करपल्या तरी घाबरू नका, कंद जिवंत असतो.

मे अखेरीला कंद काढून डोळ्यांसकट तुकडे करा, तीन-चार इंच खोल, दीड फुटावर लावा. आपली काळी माती तेव्हा दगडासारखी होते. आदल्या दिवशी पाणी सोडा. मी एकदा कोरड्यातच कुदळ घातली, निम्मे कंद चिरले! आणि आंब्याच्या सावलीत नको, नुसती पानंच मिळतील.