ऊती : विणलेलं शरीर

यकृताच्या फायब्रोस्कॅनच्या मराठी अहवालात ‘पेशींचा कडकपणा’ असं छापलंय, ते बरोबर का, असा प्रश्न आहे. साफ चूक. हे यंत्र बरगड्यांमधून त्वचेवर हलका ठोका देतं, त्याची लहर यकृतातून किती वेगानं जाते ते पाहतं आणि किलोपास्कलमध्ये आकडा देतं. लहर जितकी वेगवान, तितकं यकृत ताठर. हा ताठरपणा सुट्या पेशीचा नाही. पेशी आणि त्यांच्यामधले तंतू मिळून होणाऱ्या ऊतीचा, म्हणजे टिश्यूचा आहे. ‘ऊती’ हा शब्द टाळून हिंदीतला ‘ऊतक’ का उचलतात, कळत नाही.

संस्कृत ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ऊति, विणकाम. आपला ‘ओतप्रोत’ याच धातूचा: आ + उत, प्र + उत. उभं-आडवं विणलेलं! बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात? ‘प्रेम ओतप्रोत भरलंय’ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बादली असते, असायला हवा विणकराचा माग.

काही पंडित ऊति ‘अव्’ म्हणजे रक्षण करणे यावरून लावतात. वेदात तोही शब्द आहे, पण तो इथं आणणं म्हणजे नुसतं आडनाव जुळलं म्हणून सोयरीक करणं. फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजेही कापडच. बिशा या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञानं १८०१ मध्ये सूक्ष्मदर्शकाला हात न लावता, शरीराचे भाग भिजवून, उकळून, वाळवून २१ ऊती वेगळ्या काढल्या.

आणि विणकामाची ही नुसती उपमा नाही, असं माझं ठाम मत आहे. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लांगर या शरीररचनाशास्त्रज्ञानं गोल टोच्यानं प्रेतांच्या त्वचेला भोकं पाडली. ती गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि एकेका भागात एकाच दिशेला. शिंप्याला हे सांगावं लागत नाही: तेच कापड उभं ओढलं तर हटत नाही, उरेब, म्हणजे तिरकं ओढलं की ताणतं. त्वचा आधी सहज ताणली जाते, मग एकदम घट्ट होते, कारण कोलॅजेन या प्रथिनाचे नागमोडी तंतू सरळ होतात; विणलेला स्वेटर ओढून बघा. म्हणूनच त्वचेचं किंवा धमनीचं गणिती प्रारूप करताना तंतूंची दिशा समीकरणात घालावी लागते.

तेव्हा अहवालात ‘यकृताच्या ऊतीचा ताठरपणा’ लिहा. ऊ दीर्घ. समासात मात्र ऊतिसंवर्धन, ति ऱ्हस्व.